पळसाच्या पानांचा फौजी

आमच्या मार्तंडाची छाती भरली नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. जर्मनच्या लढाईत कामठीला पलटणीची भरती चालू होती. हा घरात कोणाला न सांगता गेला, दिवसभर रांगेत उभा राहिला, आणि डॉक्टरनं छातीला फीत लावून त्याला परत पाठवला. घरी जा आणि दूध पीत जा, म्हणाला म्हणे. मी म्हटलं, बरं झालं, देव पावला. पण ते ह्याच्या मनाला लागलं ते लागलंच.

मार्तंड माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा आईविना पोर माझा पदर धरून हिंडायचं, त्यामुळे त्याला भाऊजी म्हणणं मला कधी जमलं नाही. मी त्याला मार्तंडा म्हणते, चिडले की मेल्या म्हणते, आणि चिडायला तो कारणं पुरवत राहतो. पुढे तो रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून झाला. सांगून आलेल्या मुली बघू, बघू म्हणत टाळल्या आणि तसाच राहिला. कोणाला पानाचा नाद असतो, कोणाला पत्त्यांचा. ह्याला नाद लागला लढाईहून परत आलेल्या शिपायांच्या कोटांचा.

रविवार उजाडला की सायकल काढायची आणि कामठी, कन्हान, रामटेक, पारशिवनी, जिथे म्हणून पेन्शनीत निघालेला फौजी असेल तिथे जायचं. नवी घोंगडी द्यायची आणि त्याचा जुना कोट आणायचा. कोणाचा पट्टा, कोणाची पाण्याची बाटली, कोणाचा सोनाराकडे वितळायला निघालेला चांदीचा बिल्ला. एक कोट तर ज्वारीच्या शेतातल्या बुजगावण्याच्या अंगावरून उतरवून आणला. मालक म्हणाला, न्या खुशाल, पाखरं तशीही भीत नाहीत त्याले.

नागपुरात बर्डीवर आमची भाड्याची जागा, दोन खोल्या आणि ओसरी. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण जागा तर लागते. पलंगाखाली पेट्या, पेट्यांत कोट, कोटांत डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला. माझ्या पातळांनासुद्धा त्या कोटांचा वास यायचा. आमचे हे, म्हणजे वामनराव, वर्तमानपत्र तोंडापुढे धरून गप्प. बोलायचं ते मीच. पण खरं सांगते, जेवताना मार्तंड एकेका कोटाची हकिगत सांगायला लागला की माझा घास हातात राहायचा. म्हाताऱ्या फौज्यांजवळ बसून तो तासन्‌तास ऐकून यायचा. आणि ऐकलं तेवढंच सांगायचा, पदरचं काही घालायचा नाही. एरवी लाख थापा मारील, कोटाच्या बाबतीत खोटं बोलायचा नाही.

मग एका रविवारी तो पारशिवनीकडून आला आणि जेवलाच नाही. सायकलला बांधलेलं गाठोडं त्यानं पेटीत न टाकता मांडीवर घेतलं. आत खाकी लोकरीचा कोट होता, सगळी बटणं शाबूत. कॉलर उलटली तर खाली लुगड्याच्या लाल काठाचा एक चौकोनी तुकडा बारीक टाक्यांनी शिवलेला. आत काहीतरी पुडीसारखं हाताला लागत होतं. मी म्हटलं, हा अंगारा आहे. कोण्या बायकोनं नवऱ्याच्या कॉलरीत शिवून दिलाय.

तो कोट रामाजी नावाच्या शिपायाचा होता. मार्तंडाला दिला होता त्याच्या जोडीदारानं, दादाजीनं. दोघं पारशिवनीजवळच्या एकाच गावचे, एकाच दिवशी भरती झालेले. बसऱ्याच्या वर कुठेतरी पावसात गाडी चिखलात रुतली. रामाजीनं अंगातला कोट काढला आणि दादाजीच्या हातात दिला. धर गा, म्हणाला, चिखल लागल, घरवालीनं शिवलं आहे त्यात. तो गाडीला खांदा लावायला गेला आणि वरून तोफेचे गोळे पडायला लागले. धूर विरला तेव्हा तिथे ना गाडी होती ना रामाजी. दादाजी कोट घेऊन गावी आला, पण घरच्यांना सांगायचा धीर झाला नाही आणि त्यानं तो माळ्यावर दडवून ठेवला, तो लढाई संपून बारा-तेरा वर्षं झाली तरी तिथेच.

दडवला काहून, तर रामाजीच्या बायकोसाठी. तिचं नाव रुख्मिणी. बारा वर्षं वाट पाहून झाली तेव्हा सासरच्यांनी तिला सांगितलं, आता आपण पुतळा जाळू, दिवस घालू, तू कुंकू पूस. मग धाकट्या दिराशी तिचा पाट लावायचा, हेही घरात ठरलं होतं. त्यांच्यात तशी रीतच आहे आणि दीर काही वाईट माणूस नव्हता. पण ती म्हणाली, मेलेला कोणी पाहिला. त्याच्या अंगावरचं एक वस्त्र आणून दाखवा, त्याच्या कोटात मी खूण शिवली आहे ती मलाच ठाऊक आहे. ती खूण दाखवा, त्याच दिवशी कुंकू पुसते. पंचांसमोर बोलली. त्यामुळे दादाजीच्या माळ्यावर कोट नव्हता, त्या बाईचं कुंकू होतं.

कोट द्यावा तर तिचं कपाळ उजाड होणार, ठेवावा तर कधीतरी कोणाच्या नजरेला पडणार. दादाजी त्या घोरानंच म्हातारा झाला. मार्तंड कोट मागायला आला तेव्हा त्याला वाटलं, देवानंच धाडला. त्यानं एकच अट घातली, आमच्या गावच्या कोणालाही हा दिसता कामा नये. मार्तंडानं त्याच्या हातावर हात मारून शब्द दिला.

त्या दिवसापासून तो घोर दादाजीच्या घरून उठून आमच्या घरी आला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ते असं. मी केर काढताना त्या पेटीशी अडखळले की ती पलंगाखाली आणखी आत सारायचे. कुठली कोण ती रुख्मिणी, मी तिला पाहिलीसुद्धा नव्हती. पण रोज सकाळी कुंकू लावताना मला तिची आठवण यायची आणि माझाच हात थबकायचा. मी मार्तंडाला म्हणायचे, ती पेटी रेल्वेनं कुठेतरी लांब धाड. तो म्हणायचा, वहिनी, पेटीत आहे ना, पेटी काय बोलते का.

पेटी बोलली नाही. मधुकरराव बोलले. ते बर्डीवरचे वकील, वाचनालयाच्या समितीचे मुख्य. कोणाकडून तरी त्यांनी कोटांचं ऐकलं आणि संक्रांतीच्या महिनाभर आधी मार्तंडापुढे प्रस्ताव मांडला, वाचनालयाच्या सभागृहात आठवडाभर प्रदर्शन भरवू, मोठे साहेबलोक पाहायला येतील. मार्तंड हुरळला. ज्याची छाती भरली नाही म्हणून हाकलला, त्याला आता सगळं नागपूर पाहायला येणार होतं. मी एकच विचारलं, तो कोट मांडणार नाहीस ना. तो नाही म्हणाला. पण मांडायच्या वेळी निवडक कोटांत तोच एक धड निघाला. बाकीचे कुठे कुरतडलेले, कुठे बिनबटणांचे. मधुकररावांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं, आणि ह्यानं मनाची समजूत घातली की पारशिवनीचं कोण येतंय वाचनालयात.

उद्‌घाटनाच्या दिवशी मी चार बायकांबरोबर बघायला गेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि मी तिथेच चौकट धरली.

नुसते कोट टांगले तर शोभा नाही, म्हणून मार्तंडानं बांबूचे सांगाडे करून कोट त्यांना घातले होते. आत भरायला काही हवं. तणसानं उंदीर येतात, म्हणून शेजारच्या पत्रावळीवाल्या वच्छलेकडून फाटकी पानं पोती भरभरून आणली होती. तिला वाटलं, चुलीला नेतोय. पळसाची पानं. बाह्यांतून, गळ्यातून ती बाहेर डोकावत होती. आणि डोकं म्हणून प्रत्येक धडावर नारळ ठेवून त्याला फेटा बांधला होता.

आता ज्याला ठाऊक नाही त्याला सांगते. माणूस दूर देशी गेला, देह हाती लागला नाही, बारा वर्षं वार्ता नाही, की त्याचा पळसाचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. मग त्यालाच प्रेत मानून अग्नी देतात. माझ्या माहेरी काशीला गेलेल्या एका काकांचा केला होता, तो मी दारामागून पाहिला होता. मार्तंडानं असलं काही कधी पाहिलंच नव्हतं. घरात असे विधी निघाले की पोरांना शेजारी पाठवतात. पुतळा जाळतात हे त्याला माहीत होतं, पुतळा कशाचा करतात हे त्यानं जन्मात कोणाला विचारलं नव्हतं. आणि आता भर संक्रांतीत, वाचनालयात, भिंतीला लागून ओळीनं फौज्यांची प्रेतं उभी केली होती त्यानं. माझ्याबरोबरच्या बायका दारातूनच मागे फिरल्या आणि घरी जाऊन डोक्यावरून न्हाल्या.

मी त्याला कोपऱ्यात घेतला आणि म्हटलं, मेल्या, हे काय मांडून ठेवलंस. सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दोघं मधुकररावांकडे गेलो. ते हसले. अडाणी समजुती, म्हणाले. त्यांना खरं कारण सांगावं तर दादाजीला दिलेला शब्द मोडतो, आणि वकिलाच्या पोटात गोष्ट राहते थोडीच. सभागृहाची किल्ली त्यांच्याकडे, ते स्वतः आल्याशिवाय दार उघडायचं नाही. रविवारी साहेब येऊन जाईपर्यंत एका पानाला हात लावायचा नाही म्हणाले. फार गयावया केल्यावर रामाजीचा कोट ओळीत शेवटी, खांबाच्या आडोशाला सरकवू दिला, एवढंच.

तोंडाला कुलूप घालायचं राहिलं ते राहिलंच. न्हालेल्या बायका बोलल्या, भाजीवाल्या बोलल्या, बातमी कन्हानच्या पलीकडे गेली तेव्हा तिचं रूप असं झालं होतं की बसऱ्यात हरवलेल्या फौज्यांचे पुतळे सरकारनं नागपुरात मांडले आहेत आणि सगळ्यांना एकदमच अग्नी देणार आहे. शनिवारी दादाजी धापा टाकत आमच्या ओसरीवर येऊन बसला. पाणीसुद्धा घेईना.

"तिचा दीर तिले घेऊन येऊन राहिला उद्या," तो म्हणाला. "संत्र्याच्या गाडीवर बसून. काहून केलं गा बापू असं? म्या तुमच्या हाती तिचं कपाळ देलं होतं."

मला मार्तंडाचा राग यायला हवा होता, पण दादाजीनं न घेतलेला पाण्याचा तांब्या तो पुन्हा पुन्हा त्याच्यापुढे सारत होता ते पाहून माझाच जीव गलबलला. मी म्हटलं, रडत बसून काही होत नाही. रविवारी दुपारी बायकांची वेळ आहे. मी दाराशी हळदीकुंकू मांडून बसते, आल्यागेल्या बाईला वाण देते, तिला बोलण्यात गुंतवते. तू पुतळ्यांपुढे दोरी बांध, कोणाला जवळ जाऊ देऊ नकोस. मोठ्या तोरात म्हटलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

रविवारी साहेब येऊन गेले, मधुकरराव खूश होऊन खुर्चीत बसले, आणि बायकांची रीघ लागली. पुतळे पाहायला भिणाऱ्याच पुतळे पाहायला सगळ्यांत आधी. मी येणाऱ्या प्रत्येकीचं तोंड न्याहाळत होते. ती आली तेव्हा ओळखायला काही अडलं नाही. तिशीतली, हाडापेरानं काटक, हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मागे बाराबंदीतला दीर. मी तिला या बसा म्हटलं, तिळगूळ पुढे केला, कोणत्या गावच्या म्हणून विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी पाहून येतो जी, म्हणाली आणि सरळ आत गेली. मी करंडा तिथेच टाकून तिच्यामागे गेले.

दोरी होती. तिनं ती उचलली आणि खालून पलीकडे गेली. मार्तंड बाई, बाई म्हणत पुढे झाला, तर दिरानं त्याला हातानं थांबवलं. पाहू द्या साहेब, म्हणाला, तिनं पाह्यल्याशिवाय आमच्या घराचा निकाल नाही लागत.

तिनं पहिल्या पुतळ्याची कॉलर उलटली. पाहिली, परत नीट केली. दुसऱ्याची उलटली. पानं खसखसत होती आणि सभागृहात तेवढाच आवाज होता. कोणाच्या कोटाला ती धसमुसळेपणानं हात लावत नव्हती, झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं तसं करत होती. मी मनातल्या मनात कोराडीच्या देवीला साडी बोलले, मग अजून एक बोलले. पुतळे संपत आले. ती खांबाला वळसा घालून शेवटच्या कोटाशी आली. मी तिच्या पाठीशीच होते.

तिनं कॉलर उलटली. लाल काठाचा तुकडा मला दिसला. तिचा अंगठा त्या टाक्यांवरून एकदा फिरला आणि थांबला. तिचा श्वास मला ऐकू आला. मला वाटलं, आता ही किंचाळेल, आता खाली बसेल, आणि मी तिला धरायला हात पुढे केले.

तिनं कॉलर दुमडली. तळहातानं दाबून बसवली. वरचं एक बटण उघडं होतं ते लावलं. मग खांबाआडून बाहेर येऊन दिराला म्हणाली,

"नाही. ह्यात नाही ते."

दीर तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला काहीतरी खटकलं होतं. शेवटच्या कोटाशी ती जरा जास्त थांबली हे त्यानंही पाहिलं होतं. तो मार्तंडाकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, साहेब, तुम्ही शिकलेले, तुम्ही खोटं नाही बोलणार. तो शेवटचा कोट कोणाचा आहे.

सभागृहात पन्नासएक माणसं असतील. वकील होते, मालधक्क्यावरचे दोघं-तिघं होते, आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका होत्या. मार्तंडाची छाती भरली नाही हे त्यांतल्या कोणाला ठाऊक नव्हतं.

"माझा," मार्तंड म्हणाला. "मी होतो बसऱ्याला. परत आलो."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मधुकरराव खुर्चीतून अर्धे उठले, तेव्हा मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा बसले. पण परगावच्या माणसाला ह्यातलं काय कळणार. दिरानं मार्तंडाला खालपासून वरपर्यंत पाहिलं, रामराम केला आणि बाहेर जाऊन गाडीशी उभा राहिला. पुढे कितीतरी वर्षं लोक मार्तंडाला बसऱ्याचे सुभेदार म्हणून चिडवत राहिले. मालधक्क्यावर तर हमालसुद्धा सलाम ठोकायचे. त्यानं एकदाही कोणाला खुलासा केला नाही. मी कधी कोणाशी भांडायला उठले तर मलाच गप्प बसवायचा.

रुख्मिणी मात्र दिरामागे गेली नाही. ती माझ्या पाटाशी येऊन बसली. मी करंडा उचलला, बोट कुंकवात बुडवलं आणि माझा हात हवेतच राहिला. मला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, हेही तिला ठाऊक असावं. जिचं सौभाग्य गेलं तिला जाणूनबुजून कुंकू लावायचं, माझी सासू असती तर तिनं माझा हात धरला असता. मी स्वतः सवाष्ण, वामनराव घरी ओसरीवर बसलेले. भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

"काहून थांबल्या जी?" ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "लावा. ठसठशीत लावा."

मी लावलं. आधीच्या कुंकवावर मोठं, गोल, दोनदा फिरवून लावलं. तिनं पदर पसरून वाण घेतलं आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. उठताना माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली,

"त्या शेवटच्या कोटाले उन्ह दाखवत जा बाई. लोकर आहे, कसर लागते."

आणि ती गाडीकडे गेली. दिरानं तिला बसायला जागा करून दिली, बैल वळवले. माझ्या बोटाला कुंकू तसंच होतं, आणि पुढची बाई कपाळ पुढे करून बसली होती.